विचारलं तरच

३ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. वय चव्वेचाळीस, हुद्दा इंटर्न!

ही वही लेकीने दिली. म्हणाली, आई, रोज लिही, निदान दिवसातली एक चांगली गोष्ट लिही. तर आजची चांगली गोष्ट — खुर्चीला चाकं आहेत. शाळेच्या ऑफिसात एकोणीस वर्षं खिडकीशी ज्या खुर्चीवर बसले तिचा एक पाय आखूड होता. खाली पुठ्ठ्याची घडी. पुठ्ठा दर वर्षी मीच बदलायची.

जनसंपर्काचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि सात माणसं. दुकानांची, कंपन्यांची नावं वर्तमानपत्रात चांगल्या कारणाने यावीत यासाठी ही सात जणं झटतात. मॅडम एकोणतीस वर्षांच्या. दारातच म्हणाल्या, "काकू, तुम्ही इथे बसा." मग जीभ चावली. सगळ्यांनी एकदम कॉम्प्युटरमध्ये डोकी घातली. मी म्हटलं, काकू चालेल. चाललं नाही, पण म्हटलं.

शाळेतून तीन महिने बिनपगारी रजा घेतली आहे. मुख्याध्यापिका भल्या आहेत. म्हणाल्या, "तीस नोव्हेंबरपर्यंत जागा धरून ठेवते. त्याच्यापुढे नाही जमणार." म्हणजे मला काय करायचंय हे कळायला माझ्याकडे तीस नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. एवढ्या वयात हे कळत नाही म्हणायचीही लाज वाटते. पण जूनमध्ये एकदा खिडकीसमोर एक बाप आला आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच मी म्हणाले, "दाखला गुरुवारी मिळेल." त्याला दाखला नको होता. त्याचं पोर हरवलं होतं. पाच मिनिटांत सापडलं, जिन्याखाली बसलं होतं. पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, आता उठायचं इथून.

४ सप्टेंबर, मंगळवार

आज मॅडमनी "ताई" म्हटलं. एका दिवसात बढती.

१० सप्टेंबर, सोमवार

दिवसभर बातमीदारांना फोन. "आमची प्रेस नोट मिळाली का? छापणार का?" बावीस फोन केले. एक जण म्हणाला, "मावशी, अशा रोज दोनशे येतात." गोड बोलला, पण कानशिलं तापली माझी. बोलावलं नसताना कुणाच्या दारात जाऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. हे काम माझं नाही. एक तरी कळलं.

१८ सप्टेंबर, मंगळवार

चपलांच्या दुकानाचं उद्घाटन. फुलं आली, पाहुणे आले, फोटोवाला आला, फीत बांधून झाली आणि कात्रीच नाही! मॅडमचा चेहरा पांढराफटक. मी पर्समधून नखं कापायची कात्री काढून दिली. पाहुण्यांनी त्या एवढ्याशा कात्रीने फीत करवतली, दोन मिनिटं लागली, लोकांना वाटलं मुद्दामच असेल, टाळ्या पडल्या. उद्या तोच फोटो छापून येणार म्हणे.

परतताना मॅडम टॅक्सीत म्हणाल्या, "ताई, तुमची पर्स म्हणजे अख्खं ऑफिस आहे." बरं वाटलं. पण सहा तास उभं राहून हसायचं काम हेही माझं नाही. पाय बोंबलतायत.

२७ सप्टेंबर, गुरुवार

आज जे शिकले ते नीट लिहून ठेवते.

कुठलीही बातमी बाहेर जायच्या आधी इथे एक कागद करतात. मधोमध रेघ. डाव्या रकान्यावर लिहायचं "आपणहून". जे आपण स्वतः सांगणार ते तिथे. उजव्या रकान्यावर "विचारलं तरच". तिथे अवघड प्रश्न आणि त्यांची उत्तरं. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, असलेलं उत्तर द्यायचं. नाही विचारलं तर मात्र गप्प. प्रेस नोट डाव्या रकान्यातून बनते. उजवा रकाना ऑफिसाबाहेर जात नाही.

खुर्च्या-टेबलं बनवणाऱ्या एका कंपनीची बातमी होती. मॅडम म्हणाल्या, लोक काय काय विचारतील याचा जरा अंदाज घ्या ताई. अर्ध्या तासात त्रेचाळीस प्रश्न लिहिले. लाकूड कुठून आणता. पाय मोडला तर कोण येणार. येणार म्हणजे किती दिवसांनी. त्याच रंगाचं दुसरं नंतर मिळेल का. मॅडमनी कागद दोनदा वाचला. "हे कुठून सुचलं तुम्हाला?" मी म्हटलं, खिडकीतून. एकोणीस वर्षं माणसं समोर येऊन हेच तर करत होती. मला वाटायचं डोकं खातात. ती मला शिकवत होती की!

मॅडमनी सगळ्यांना बोलावून कागद दाखवला. शाळेत कधी कुणी माझा कागद कुणाला दाखवला नाही. माझ्या हातून एकोणीस वर्षांत एकही दाखला चुकीचा गेला नाही, सही करून घेण्याआधी प्रत्येक कागद तीनदा वाचायची मी — पण बरोबर आलेला कागद कोण कुणाला दाखवतं? आज डोळ्यांत पाणी आलं. पंख्याकडे बघून परतवलं.

१ ऑक्टोबर, सोमवार

आता घरातही रकानेच दिसायला लागलेत. सासूबाईंचा डावा रकाना भरून मागच्या पानावर जाईल. चहा पातळ, पडदा वाकडा, आवाज मोठा, सगळं आपणहून. नवऱ्याचा डावा रकाना कोरा. बावीस वर्षं वाटायचं, या माणसाला सांगण्यासारखं काही नसतंच.

आज भांडी पुसताना विचारलं, "मी शाळा सोडली तर तुला काय वाटेल?" बराच वेळ एकच ताट पुसत राहिला. मग म्हणाला, "विचारलंस म्हणून सांगतो. खिडकीवरून आलीस की तू दोन तास कुणाशी बोलायची नाहीस. हल्ली दारातूनच सुरू होतेस. मला आवडतं."

मग आधी का नाही सांगितलं! तर म्हणे, विचारलं नाहीस.

९ ऑक्टोबर, मंगळवार

नवं गिऱ्हाईक. रक्त तपासायची लॅब. नवीन यंत्र आणलंय, त्याची बातमी हवी. लॅबचे डॉक्टर स्वतः आले होते. पन्नाशीचे, हडकुळे, बोलताना पेनाचं टोपण काढतात-घालतात. माणूस वाईट नाही. सगळ्यांसाठी बिस्किटं आणली होती.

मॅडम म्हणाल्या, ताई, विचारा. मी पहिलाच प्रश्न विचारला — जुनं का बदललं?

टोपण थांबलं.

मग त्यांनी सांगितलं. जुन्या यंत्राने ऑगस्टमध्ये नऊ दिवस साखर कमी दाखवली. खरी असते त्यापेक्षा बरीच कमी. लक्षात आल्यावर बंद केलं, नवीन मागवलं. त्या नऊ दिवसांत तपासून गेलेली माणसं दोनशे बारा. त्यांना कळवलं का? "कुणी तक्रार घेऊन आलं तर फुकट पुन्हा तपासून देतो आम्ही." आलं का कुणी? "नाही."

१० ऑक्टोबर, बुधवार

मॅडम सकाळपासून फोनवर डॉक्टरांशी वाद घालत होत्या. दार बंद होतं, पण दार प्लायवुडचं. "सर, आपणहून सांगा. लोक चार दिवस ओरडतील आणि मग विश्वास ठेवतील." पलीकडून काय आलं ते नंतर त्यांनीच सांगितलं. "विचारलं तर सांगूच ना. नाही कुठे म्हणतोय?"

बाहेर आल्या तेव्हा कपाळ धरून होत्या. "ताई, आपण सल्ला देऊ शकतो. बाकी त्यांचं घर, त्यांचा कारभार." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरगी, पण तासभर भांडली त्या दोनशे बारांसाठी. हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिलं.

कागद मी टाइप केला. नऊ दिवस, दोनशे बारा, साखर कमी, फुकट फेरतपासणी. उजवा रकाना.

१५ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना तोंड पाडून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "ऑफिसात काही बिनसलं?" नावगाव न सांगता सांगितलं. की ज्याला ठाऊकच नाही तो विचारणार कसा.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. सगळ्या गावाचं बोलणं कानावरून गेलेलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे, कान उघडे, तोंड बंद. मी पाळलं. एकदा पाळायला नको होतं." ताट उचलून गेल्या. एवढ्या बोलघेवड्या बाईच्या तोंडून अर्धं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

उद्या अकराला प्रेस नोट जायची आहे. चौदा वर्तमानपत्रं. पाठवायचं काम माझं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

घोळ झाला. प्रेस नोटऐवजी दोन रकान्यांचा कागद गेला, चौदाही ठिकाणी. माझ्या हातून. आज बाकी काही लिहवत नाही.

१७ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर नऊलाच ऑफिसात. दारातूनच ओरडले. "कोणी पाठवला?" मी उठायला लागले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. दाबूनच बसवलं. म्हणाल्या, "चूक आमच्या ऑफिसची. ऑफिस माझं. काय बोलायचं ते मला बोला."

आणि ते बोलले. वीस मिनिटं. तिने ऐकून घेतलं. माझ्यासाठी असं आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. माझी चाकांची खुर्ची मला टोचत होती.

आता मला काढतील. काढायलाच हवं. शाळेची जागा आहे अजून, चुलीत गेलेलं नाही सगळं. पण इथून असं जायचं नव्हतं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

देवा! एका वर्तमानपत्राने छापलंय — "चूक लॅबने स्वतःहून कबूल केली". दुसऱ्याने त्यावर चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या, असा प्रामाणिकपणा हल्ली दिसतो कुठे वगैरे. त्यांना वाटलं, डॉक्टरांनीच मन मोठं करून सगळा कागद दिला! 'विचारलं तरच' म्हणजे एरवी गप्प बसायचं, हे बाहेर कुणाला समजलंच नाही.

अकरा वाजता डॉक्टरांचा फोन. आवाज उतरलेला. लॅबचे दोन्ही फोन सकाळपासून वाजतायत, रक्त काढणाऱ्या मुली रडकुंडीला आल्यात, कुणालातरी पाठवा.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, कागद तुमच्या हातून गेला. फोन तुम्हीच घ्या."

ही शिक्षा होती. मी पर्स उचलली आणि निघाले.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

त्र्याण्णव फोन. घसा बसलाय.

काल रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी शिकवणी घेतली. "पहिलं वाक्य त्यांचं. मध्ये तोंड घालायचं नाही. आणि शिव्या आल्या तर मोजत बसू नकोस, शिव्यांच्या मागे प्रश्न असतो, त्याची वाट बघ." आज तसंच केलं. एका माणसाने सलग तीन मिनिटं माझा उद्धार केला. मग थांबला. मग बारीक आवाजात म्हणाला, "मी गोड खात होतो हो महिनाभर. आता काय करू?"

उद्या सकाळी उपाशीपोटी या, म्हटलं. मी खाली दारात उभी असते. आला. उभी होते.

२० ऑक्टोबर, शनिवार

वरचं "आला. उभी होते." हे आजचं, चुकून कालच्या पानावर लिहिलं. असू दे.

३० ऑक्टोबर, मंगळवार

फोन येण्याची वाट बघायची नाही असं ठरवलं. डॉक्टरांकडे दोनशे बारांची यादी मागितली. त्यांनी मुकाट्याने दिली. आता मीच एकेकाला फोन करते. आपणहून.

आज एका बाईंच्या मुलीने फोन उचलला. आईची साखर उतरली म्हणून गोळी कमी केली होती. आई सप्टेंबरमध्ये न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, हात मोडला. "तेव्हा का नाही सांगितलंत?" एवढंच विचारलं तिने. आरडाओरडा नाही. म्हटलं, सांगायला हवं होतं. चुकलं. फोन ठेवून डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि शब्दन् शब्द सांगितला. ते संध्याकाळी त्या बाईंच्या घरी गेले, एकटे. आल्यावर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी त्यांना चहा नेऊन दिला. माणूस वाईट नाही, हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. घाबरट होता. तशी मीही आहे.

१२ नोव्हेंबर, सोमवार

दोनशे बारांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव झाले. त्या मोडल्या हाताच्या बाई आज आल्या, हात गळ्यात बांधलेला. मला शोधत आल्या. "फोनवरच्या बाई तुम्हीच का? मला वाटलं उंच असाल." दोघी हसलो. जाताना चांगल्या हाताने माझा हात दाबून गेल्या. मी कोण, मी काय केलंय, काही माहीत नसताना.

आणि मला कळलं! म्हणजे आज नाही कळलं, फोनच्या पहिल्या दिवशीच कळलं होतं, आज लिहायचा धीर आला. मला खिडकीच हवी आहे. माणूस समोर हवाय, त्याचा प्रश्न पुरा ऐकायचाय आणि खरं उत्तर द्यायचंय. एकोणीस वर्षं मी बरोबर ठिकाणी बसले होते, फक्त ऐकत नव्हते. हे कळायला चाकांच्या खुर्चीत येऊन बसावं लागलं. हसावं की रडावं!

२० नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमनी जेवायला बाहेर नेलं. सूप घेतलं दोघींनी. म्हणाल्या, तुम्हाला कायम ठेवायचं होतं ताई, प्रश्नांसाठी. पण लॅबवाले तुम्हाला मागतायत. चौकशी खिडकी सुरू करायची आहे म्हणे त्यांना.

मग चमचा वाटीत फिरवत राहिल्या. "एकोणीस वर्षांत एकही दाखला चुकीचा गेला नाही, असं तुम्ही म्हणाला होतात ना?" मी हो म्हटलं. पुढचा प्रश्न मला दिसत होता. प्रश्न ओळखायचं काम तिनेच मला दिलं होतं की. पण ती म्हणाली, "जाऊ दे. मी विचारत नाहीये." आणि माझ्याकडे बघून हसली.

एवढ्या लहान वयात एवढा समजूतदारपणा कुठून आणला हिने? काही म्हटलं तरी हिचे उपकार फिटायचे नाहीत.

२८ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांशी बोलणं झालं. सोमवारपासून रुजू. मी एकच अट घातली. माझ्या टेबलावर उजवा रकाना नको. टोपण काढलं, घातलं. "म्हणजे कुणी न विचारताही सांगायचं?" हो, म्हटलं. "सगळं?" सगळं. मग म्हणाले, "तुमच्या हातून तो कागद चुकून गेला, ते माझं नशीबच म्हणायचं."

मी खाली बघून पर्सची चेन लावली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत जाऊन सांगून आले. मुख्याध्यापिकांनी जवळ घेतलं. खिडकीत नवीन मुलगी बसणार आहे, तिला खुर्चीच्या पुठ्ठ्याचं सांगितलं. समोर कुणी आलं तर आधी त्याला बोलू दे, हेही सांगितलं. लेकीने संध्याकाळी केक आणला, वर लिहून घेतलं होतं "माजी इंटर्न". हसून हसून पुरेवाट. नवऱ्याने न विचारता म्हटलं, "छान झालं."

२ डिसेंबर, रविवार

दुपारी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "तो कागद चुकून गेला होता का गं?"

नाही, म्हटलं. तीनदा वाचला, मग पाठवला.

इतके दिवस या वहीलाही सांगितलं नव्हतं. वही काही विचारत नाही. मॅडमनी विचारलं नाही, डॉक्टरांनीही विचारलेलं नाही.

उद्या पहिला दिवस. खिडकी उघडायच्या आधी डॉक्टरांच्या खोलीत जाणार आहे. आपणहून.